हलगी शेकायला जागा

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. काटक्या, कागद, पुठ्ठा जे मिळेल ते पेटवायचं, धगीवर चामडं फिरवायचं, टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा धरायचं. पान ताणलं की आवाज कडक निघतो, दमट हवेत तो लगेच उतरतो. आमच्या तुळजापूर-लोहारा भागात उन्हाळी लग्नसराईत हे काम फारसं जाणवत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात मात्र हलगीवाल्याचा निम्मा वेळ शेकोटीपाशीच जातो. चेंबूर, गोवंडी, मानखुर्दकडच्या वस्त्यांत 1972च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी घरं येऊन स्थिरावली. त्यांत आमच्या धाराशिवचीही आहेत. या लोकांच्या संगीताचा मागोवा घेताना मी आधी शेकोटी कुठे पेटते ते वहीत टिपतो, गाणी त्यानंतर.

वस्ती पडून इमारत उभी राहिली की पहिल्यांदा ही शेकोटी जाते. जिन्यात धूर करता येत नाही, खाली गाड्या लावलेल्या, वॉचमन हटकतो. मग फायबरच्या पानाची हलगी येते. ती पावसातही उतरत नाही, वाजवणाऱ्याची सोयच होते. पण शेकताना भोवती पोरं जमायची, त्यातलंच एखादं काड्या हातात घेऊन हात बसवून बघायचं. शिकण्याची जागा तीच होती, आणि ती गेल्याची नोंद कुठल्याच पुनर्वसनाच्या कागदावर होत नाही. घराच्या बदल्यात घर मिळतं, पण घराबाहेरच्या मोकळ्या तुकड्याच्या बदल्यात काहीच मिळत नाही.

गोंधळाचंही तसंच. पाटावर नवं कापड, त्यावर धान्याची रास आणि कलश असा चौक, बाजूला दिवटी, समोर संबळ, तुणतुणं आणि झांज. गणानं सुरुवात, मग गावोगावच्या देवांना बोलावणं, त्यानंतर रात्र चढेल तसं आख्यान, आणि पहाटे आरती. ही रात्रभराची मांडणी अंगणासाठी आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर आधी 225 चौरस फुटांचं होतं, पुढे 269 झालं, आता 300. त्यात चौक मांडला की गोंधळी भिंतीला टेकतो आणि पाहुणे पॅसेजमध्ये उभे राहतात. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. शेजारी आजारी माणूस असतो, कुणी पहाटेच्या पाळीला जाणारं असतं, तेव्हा या नियमाला माझी हरकत नाही. पण गोंधळ तीन तासांत उरकायचा म्हटल्यावर त्यातलं काय गळतं, ते बघायला हवं. देवांना बोलावणं गळत नाही, ते कुळाचाराचं. आरतीही राहते. गळतं ते आख्यान. जी गोष्ट ऐकत मुलं चौकाच्या कडेला झोपी जायची, ती त्यांच्या कानावर पडायची थांबते.

म्हणून अलीकडे मी ‘कोणती गाणी म्हणता?’ असं विचारत नाही. ‘कोणतं म्हणायचं सोडलं, आणि कधीपासून?’ असं विचारतो. मानखुर्दला एक आराधीण मावशी आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, परडी देव्हाऱ्याशेजारी टांगलेली. त्या म्हणाल्या, “रुळाकडंचं घर पडलं तवापास्नं मोठी गाणी न्हाईत, लेकरा. थितं दारात धा-बारा बाया बसायच्या, झील वडायला माणूस कमी पडत नव्हतं. हितं पाच जणी बसल्या की दार लागतंय.” लांब गाण्याला झील, म्हणजे मागून साथीचा सूर, धरणाऱ्या बायका लागतात, एकटीचा दम पुरत नाही. त्यांच्या या उत्तरात घराचा बदल आला, दारातली जागा आली, गाण्याची लांबीही आली. सरळ प्रश्नाला त्यांनी दोन गाणी म्हणून दाखवली असती आणि चहा दिला असता.

रेकॉर्डर ठेवण्याची जागाही यावरूनच ठरते. तो गायिकेच्या तोंडाशी धरला की आवाज स्वच्छ येतो, पण मग दारातून झील देणारी शेजारीण, लिफ्टचा ठोका, बाहेर थांबलेली पोरं हे सगळं पुसलं जातं. मी तो उंबऱ्यावर ठेवतो. अभ्यासाला उपयोगी पडतं ते हे उंबऱ्यावरचं ध्वनिमुद्रण.

गाव आणि शहर यांच्यातल्या ओढाताणीवर मुंबईत मोठी गाणी झाली आहेत. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यातले अमर शेख आमच्या शेजारच्या बार्शीचे. 18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला, पुढे गिरणगावच उठलं, आणि चाळींमधल्या शाहिरी-भजनांचा श्रोता पांगला. आनंद पटवर्धनांच्या 1985च्या ‘हमारा शहर’मध्ये झोपड्या पाडल्या जाण्यावर गाणारे विलास घोगरे दिसतात. 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जणांचा जीव गेला, आणि त्या दुःखात घोगऱ्यांनी काही दिवसांतच स्वतःचं आयुष्य संपवलं. शाहिरांचं हे काम पुस्तकांत आणि चित्रपटांत आलं, ते यायलाच हवं होतं. दारात बसून झील देणाऱ्या बायकांचं मात्र फार थोडं टिपलं गेलं आहे, आणि मला काळजी त्यांची आहे.

उंबऱ्यावरच्या या ध्वनिमुद्रणांच्या प्रती मी लोहाऱ्याकडे, त्या बायकांच्या माहेरी नेतो. तिथल्या म्हाताऱ्या कान देऊन ऐकतात, मध्येच थांबवतात, गळालेलं कडवं म्हणून दाखवतात आणि ते कुणाकडून आलं तेही सांगतात. आता रमाबाई नगराचाही पुनर्विकास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण (एसआरए) मिळून करत आहेत. जिथे अजून घरं उभी आहेत, तिथे प्रत्येक गल्लीचा नकाशा काढायला हवा: भजन कुठल्या ओट्यावर बसतं, जयंतीची मिरवणूक कुठे थांबते, नवरात्रात आराधी कुणाच्या दारात जमतात. हे काम घरं रिकामी व्हायच्या आत करावं लागेल. त्या वस्तीत वाढलेल्या, मोबाइल हाताळणाऱ्या मुलामुलींनीच ते हाती घ्यावं, अशी माझी इच्छा आहे. कुठल्या मावशीला कधी वेळ असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.