पाऊण कोटीची गाडी आणि पाणचक्कीचे पीठ

भिवंडीकरांना औरंगाबादचा रस्ता नवा नाही. पहाटे निघायचे, कसारा घाट चढायचा, नाशिकला चहा घ्यायचा आणि येवला-वैजापूरमार्गे दुपार कलताना पोहोचायचे, अशी ही जुनी सफर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि हिशोब बदलला. नागपूरहून निघून दहा जिल्हे ओलांडणारा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आता भिवंडीच्या वेशीवर, आमणे गावी येऊन संपतो. औरंगाबादचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. नातेवाइकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे, म्हणून इथेही तेच ठेवले आहे.

नाताळच्या सुट्टीत आम्ही या रस्त्याने गेलो ते धाकट्या बंधूंच्या नव्या गाडीतून. बरीच वर्षे कुवेतमध्ये काढून ते कायमचे परतले आणि त्यांनी लेक्ससची हायब्रिड एसयूव्ही घेतली. किंमत पाऊण कोटीच्या घरात. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. आमचे घर पगाराच्या तारखेवर चालते. भावाभावांच्या मिळकतीत एवढे अंतर पडले की घरात कोणी काही बोलत नाही, पण प्रत्येक जण जपून वागतो.

निघण्याचे कारण होते खालाजान. अम्मींची ही एकुलती एक बहीण औरंगाबादला असते, आजारी असते. पडल्यापासून अम्मींची कंबर धरलेली, एसटीचा प्रवास झेपत नाही. त्यामुळे तीन वर्षे दोघी बहिणी फक्त फोनवर भेटत होत्या. तरीही अम्मी या गाडीत बसायला तयार नव्हत्या. "एवढ्या पैशांत चार गरिबांची घरे उभी राहिली असती. हा इस्राफ नाही तर काय?" असे त्या बंधूंना तोंडावर म्हणाल्या. शेवटी बहिणीच्या ओढीने हो म्हणाल्या, पण एक अट घातली : "माझी कंबर सांगेल तेवढाच वेग."

फजरची नमाज अदा करून, सफरची दुआ पढून निघालो. पहिली गंमत गल्लीतच झाली. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही. आमच्या मुलीला वाटले, चालूच झाली नाही. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असते, या गाडीत अडीच लिटरचे आहे, आणि जोडीला विजेच्या मोटरी व बॅटरी. सावकाश जाताना बहुतेक काम मोटरीच करतात, इंजिन गप्प राहते. बॅटरीला बाहेरून चार्जिंग लावावे लागत नाही. ब्रेक दाबला की तीच मोटर उलट जनित्र होते आणि गाडीच्या धावेतून वीज काढून बॅटरीत भरते. साध्या गाडीत ही शक्ती ब्रेक तापवण्यात वाया जाते. मुलगी समोरच्या पडद्यावरचे बाण पाहत होती : आता चाकाकडून बॅटरीकडे, आता बॅटरीकडून चाकाकडे. नववीच्या विज्ञानातला ऊर्जेचा धडा तिला भिवंडीच्या वाहतूक कोंडीत कळला.

आमणेला महामार्गावर चढलो. तीन-तीन पदरी रुंद काँक्रीटचा रस्ता, दुचाकी नाही, रिक्षा नाही. सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. इगतपुरीचा सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा आला आणि ज्या कसारा घाटात आमच्या लहानपणी बस धापा टाकायची, तो डोंगर काही मिनिटांत मागे पडला. बोगद्याबाहेर बंधूंनी वेग वाढवला. गाडी हलत नव्हती, आवाज करत नव्हती. १२० कधी झाले कळलेच नाही. कळले ते अम्मींच्या कमरेला. काँक्रीटच्या सांध्यांवरची बारीक थरथर त्यांना जाणवू लागली. त्या म्हणाल्या, "बेटा, आहिस्ता." बंधूंनी वेग शंभरच्या खाली आणला.

मग पडद्यावरचा आकडा बदलला. १२० ला एका लिटरमध्ये तेरा किलोमीटरही मिळत नव्हते, आता सोळाच्या पुढे जाऊ लागले. बंधू चकित झाले, पण कारण साधे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभरवरून १२० वर गेलो तर वेग वीस टक्क्यांनी वाढतो, हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी. शिवाय सरळ रस्त्यावर ब्रेक लागत नाही, त्यामुळे वाचवायला काही उरतच नाही आणि जवळजवळ सगळा भार इंजिनावर येतो. हायब्रिड गाडीची काटकसर गल्लीत आणि घाटात दिसते. मोकळ्या महामार्गावर तिला काटकसर शिकवावी लागते ती चालवणाऱ्याने. अम्मींची कंबर आणि पेट्रोलची टाकी एकच वेग मागत होत्या.

वेगाचा दुसरा हिशोब याहून मोठा आहे. याच महामार्गावर, पुढे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ रोजी बसला आग लागून २५ माणसे दगावली. सरळ रस्ता, एकसारखा वेग, थंडगार हवा आणि शांत गाडी यांनी उघड्या डोळ्यांवरही गुंगी येते. गाडी जितकी आरामाची, तितकी ही गुंगी लवकर येते. म्हणून आम्ही तास-दीड तासाने थांबत गेलो. चपात्या, खिमा आणि थर्मासमधला चहा बरोबर होता. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासली होती, आणि मागच्या सीटवरही सगळ्यांनी पट्टे लावले होते. या गोष्टींना पाऊण कोटी लागत नाहीत. जुन्या अल्टोतही त्या होतात.

माळीवाड्याला महामार्ग सोडला तेव्हा समोर दौलताबादचा किल्ला होता. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली, तेव्हा माणसे पायी आणि जनावरांवर बसून आली होती. अम्मी किल्ल्याकडे पाहत म्हणाल्या, "आणि मी कमरेची तक्रार करते!"

खालाजानच्या दारात दोघी बहिणी भेटल्या. त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या आणि रात्रीचा नान-खलिया निवून गेला.

दुसऱ्या दिवशी खालाजाननेच हट्ट धरला, मला पाणचक्की दाखवा. बंधूंच्या गाडीत जागा पाचच. दोघी बहिणी, मुलगी आणि खालाजानची सून गाडीत बसल्या, आम्ही दोघे मागून रिक्षाने गेलो.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही मोगल काळातली चक्की. काही किलोमीटर दूर डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून इथे आणले आहे. ते उंचावरून हौदात कोसळते आणि त्या जोरावर जाते फिरते. या शहरात पाण्याची अशी विद्या जुनी आहे. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे औरंगाबाद, वसवणाऱ्या मलिक अंबरने नहर-ए-अंबरीने गावाला पाणी दिले होते. मुलीने पाण्याच्या धारेकडे बोट दाखवून काकांना सांगितले, "चाचा, तुमची गाडी उतारावर हेच करते. पाणी नुसते पडू देत नाही, कामाला लावते."

अम्मींनी वेगळेच विचारले. "हे पीठ कोणासाठी दळायचे?" तिथल्या माणसाने सांगितले, दर्ग्यावर येणारे मुसाफिर, फकीर आणि शागीर्द यांच्यासाठी. अम्मी काही बोलल्या नाहीत. हौदाच्या कठड्यावर बसून राहिल्या.

परतीच्या वाटेवर, बोगदा ओलांडल्यावर त्या बंधूंना म्हणाल्या, "गाडी वाईट नाही. मला माझ्या बहिणीपर्यंत घेऊन आली. पण आपल्या मोहल्ल्यात दोघे जण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रिक्षातून धक्के खात जातात. चक्की फक्त मालकासाठी फिरली असती तर तिला बघायला कोण गेले असते?"

बंधू गाडी चालवत राहिले. आमणेचा टोलनाका आला तेव्हा त्यांनी विचारले, "भाईजान, त्यांचे वार कोणते?" आम्हाला ठाऊक होते : सोमवार आणि गुरुवार. आता सोमवारी सकाळी सातला ती गाडी आवाज न करता आमच्या गल्लीतून निघते. गुरुवारी शाळा दुपारची असल्याने आमच्यापैकी एक जण सोबत जातो.