चार पायांनी सिंहगड

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला मी सिंहगड उतरून आतकरवाडीत उभी होते आणि माझे गुडघे दुखत नव्हते! हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या सहा-सात वर्षांत असं एकदाही झालेलं नाही. चढणीचं मला कधीच काही वाटत नाही. दम लागतो, घाम निथळतो, पण वर पोचून मडक्यातलं दही खाल्लं की सगळं विसरायला होतं. त्रास असतो तो उतरताना. अर्धी वाट सरली की मांड्या लटपटू लागतात, उजव्या गुडघ्यातून कळ येते आणि पुढचे दोन दिवस घरचा जिनासुद्धा कठडा धरून उतरावा लागतो.

ऑगस्टमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी उत्तराखंडात निघालोय, व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंड साहिबला. सामानाची यादी करताना मी एकाच ओळीवर अडले होते. ट्रेकिंग पोल, आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. आम्ही सह्याद्रीत चालायला शिकलो ते हात मोकळे ठेवून. कातळटप्पा आला की बोटांना खोबण हवी, तिथे काठ्या कुठे सांभाळायच्या? शिवाय हेमकुंडचे यात्रेकरू गोविंदघाटला लाकडी काठी विकत घेतातच, आपणही तीच घेऊ, असं जवळजवळ ठरलं होतं.

तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, माझे पोल घेऊन एकदा सिंहगड कर. मग ठरव."

गाडीतून उतरल्या उतरल्या तिने मला उभं केलं आणि पोलची लांबी लावून दिली. टोक जमिनीवर टेकलं की कोपर काटकोनात यायला हवं. चढताना थोडी कमी, उतरताना पाच-दहा सेंटीमीटर जास्त. मग पट्टा. मी तो बांगडीसारखा वरून हातात सरकवत होते. तिने हात धरून दाखवलं: खालून वर घालायचा आणि पट्ट्यासकट मूठ धरायची. एवढ्याशा फरकाने काय होतं म्हणून सांगू! सगळा भार मनगटाखालच्या पट्ट्यावर जातो, मूठ आवळावीच लागत नाही, बोटं सैल राहतात. काठी धरणं वेगळं आणि काठीवर भार देणं वेगळं, हे मला त्या क्षणी कळलं.

चढताना उजवा पाय-डावा हात, डावा पाय-उजवा हात अशी लय लागली. दंड, खांदे, पाठ, सगळे कामाला लागले. पण खरी गंमत उतरताना! दोन्ही पोल आधी खाली रोवायचे, त्यांच्यावर भार द्यायचा आणि मग पाऊल सोडायचं. पाऊल आदळतच नाही, अलगद टेकतं. पावसाने वाट निसरडी झाली होती. एका वळणावर उजवा पाय सर्रकन निसटला, पण दोन पोल आणि डावा पाय अशी तिवई तयारच होती. मी जागेवर उभी! खाली वाकून पाहिलं, तर पोलचं टोक लाल चिखलात चार बोटं घट्ट रुतलेलं.

तिथेच उभी राहून मी मनात हिशेब मांडला. हेमकुंडच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव घांगरिया साधारण 3,050 मीटरवर. तिथून हेमकुंडाची वाट जेमतेम 6 किलोमीटर, पण तेवढ्यात हजार मीटरहून जास्त चढण. वर रात्री मुक्काम करता येत नाही, म्हणजे तेवढंच सगळं त्याच दिवशी उतरायचं! सिंहगडाच्या उतारावर कुरकुरणारे गुडघे घेऊन मी तिथे कशी उतरणार होते? आणि त्या वाटेवर कातळटप्पा नाही, दगडी फरसबंदी आहे. हात मोकळे ठेवायचं कारणच उरत नाही. ढाक-भैरीसारख्या कातळटप्प्यांच्या वाटेला जाताना मी पोल आजही घरीच ठेवीन. हेमकुंडाला मात्र दोन न्यायचे, एक नाही, कारण ती तिवई दोन पोलांशिवाय होत नाही.

संध्याकाळीच जोड विकत घेतली. अॅल्युमिनियमची, कारण दगडांच्या फटीत अडकून ताण आला तर कार्बनचा पोल मोडू शकतो, अॅल्युमिनियमचा बहुधा वाकतो. तीन भागांत मिटतात, दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. विमानात ते हातातल्या सामानात नाहीत, मोठ्या सॅकमध्ये जातील, टोकांना रबरी टोप्या घालून. त्या टोप्या फरसबंदीवरही लागतील आणि फुलांच्या खोऱ्यात तर काढायच्याच नाहीत. ते 1982 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या वाटेकडेच्या मुळांत आपण भोकं पाडत कशाला जायचं?

रात्री तिघींनाही फोन झाले. येत्या रविवारी चौघी आतकरवाडीला जातोय, माझी आणि भाचीची अशा दोन जोड्या घेऊन. चढताना दोघींनी वापरायच्या, उतरताना उरलेल्या दोघींनी. मी या खेपेला चढतानाच घेणार आहे, कारण उतरतानाची मजा त्यांना मिळायला हवी.