पडलेल्या वजनाचा जमाखर्च

ट्रेबुशे म्हणजे वजन पाडून दगड फेकणारं यंत्र. एका आसावर झुलणारा लांब दांडा, त्याच्या आखूड टोकाला जड पेटी आणि लांब टोकाला गोफण, एवढंच त्याचं रूप. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यासमोर १३०४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं असं एक प्रचंड यंत्र उभं केलं होतं. आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी तेच माणसाच्या उंचीचं करून मैदानावर आणतात, आणि मैदानावर आलं की स्पर्धा ठरलेली असते: ज्याचा चेंडू लांब, तो पहिला. माझं म्हणणं असं की नुसतं अंतर हे या यंत्राचं खरं माप नव्हे. पेटी पडताना जेवढी ऊर्जा मोकळी झाली, तिच्यातली किती चेंडूपर्यंत पोचली आणि उरलेली कुठे गेली, हा हिशेब मागितला पाहिजे.

हा हिशेब मागता येतो, कारण या यंत्राची जमेची बाजू आधीच ठाऊक असते. बंदुकीच्या दारूत किंवा ताणलेल्या रबरात किती ऊर्जा आहे हे नेमकं सांगणं अवघड. इथे तराजू आणि मोजपट्टी पुरते. पेटी २० किलोची, तिची घसरण अर्ध्या मीटरची, म्हणजे ९८ जूल. ही सगळी ऊर्जा २०० ग्रॅमच्या चेंडूला मिळाली, तो पंचेचाळीस अंशांत सुटला आणि हवेचा अडथळा धरला नाही, तर तो १०० मीटरवर पडेल. याच्या पुढे जाणं शक्य नाही. आता समजा तो ४५ मीटरवर पडला. त्याच्या वाट्याला ४४ जूल आले. उरलेल्या ५४ जुलांचा पत्ता शोधणं हाच माझ्या मते खरा प्रकल्प आहे.

शोधायला लागलं की नजर आधी दांड्यावर जाते. दीड मीटर लांबीचा, एक किलोचा, सगळीकडे सारख्या जाडीचा दांडा घ्या. आस आखूड टोकापासून ३० सेंटीमीटरवर. फिरवताना हा दांडा लांब टोकाला सुमारे २७० ग्रॅमचं ओझं बांधल्यासारखा वागतो. चेंडू २०० ग्रॅमचा! म्हणजे यंत्र चेंडूपेक्षा जास्त वजन आधी स्वतःचंच फिरवत असतं. शिवाय दांड्याचा जड भाग वर उचलायला सात-साडेसात जूल जातात ते वेगळेच. म्हणून दांडा टोकाकडे निमुळता हवा. मजबुतीसाठी जाड ठेवला असं सांगणाऱ्याला विचारावं, की वाकवणारा जोर सर्वात जास्त आसापाशी येतो, मग टोकाला ती जाडी कशासाठी? पेटीचंही तसंच. चेंडू सुटताना ती सेकंदाला दीड मीटर वेगानं हलत असेल, तर २२ जूल तिच्याजवळच राहिले. उत्तम जुळलेल्या यंत्रात त्या क्षणी पेटी जवळजवळ थबकलेली दिसते. ती दांड्याला घट्ट न ठोकता बिजागरीवर लोंबती ठेवली, तर वर्तुळात न फिरता बरीचशी सरळ खाली येते. सांगाड्याला चाकं लावण्यामागेही हेच कारण आहे. यंत्र जमिनीला जखडलं की भक्कम दिसतं, पण तेवढ्यानं ते चांगलं ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की अभियंत्याला निकाल विचारतात, आणि निकाल म्हणजे अंतर. हे अर्धंच खरं आहे. अंतर विकत घेता येतं: पेटीत आणखी दहा किलो वाळू टाकली की झालं. त्यातून शिकायला काही मिळत नाही, उलट आस वाकतो. वेढा घालणाऱ्यांनाही विक्रमी अंतर नको होतं. तटाच्या त्याच जागी पुन्हापुन्हा दगड आदळणं त्यांना हवं होतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं संगणकावर आधीच काढता येतं, मग लाकूड का कापायचं? संगणकावर जरूर काढावं, आधीच काढावं. पण सुरुवातीला गोफण यंत्राखालच्या पन्हाळीवरून घासत जाते तेव्हाचं घर्षण, दोरीचा ताण, आसाचा खडबडीतपणा हे आकडे आपणच त्याला द्यायचे असतात, आणि ते आपल्याकडे नसतात. संगणकानं सांगितलेला वेग आणि मैदानावर मिळालेला वेग यांतल्या फरकातूनच ते हाती येतात. तो वेग मोजायला आता महागडं उपकरण लागत नाही. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा मोबाइल बाजूला स्थिर ठेवला, मागे मोजपट्टी रंगवलेली फळी उभी केली, की सेकंदाला २१ मीटर वेगाचा चेंडू दर चित्रात सुमारे नऊ सेंटीमीटर सरकलेला दिसतो. हलक्या चेंडूला हवा किती अडवते हा प्रश्नही त्यामुळे वेगळा काढता येतो.

गोफणीबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण सगळा हिशेब शेवटी तिथे अडतो. ज्वारीच्या शेतात माचाणावरून पाखरं हाकणाऱ्याचा हात नेमक्या क्षणी एक दोरी सोडतो. इथे ते काम दांड्याच्या टोकावरचा खिळा करतो. दोरीची कडी त्याच्यावरून निसटते. खिळा पुढे जास्त वाकवला की कडी उशिरा निसटते आणि चेंडू समोर जमिनीत घुसतो. सरळ ठेवला की लवकर निसटते आणि चेंडू आभाळात, कधी चक्क मागे जातो. म्हणून यंत्राच्या पुढे जसं कुणी उभं राहू नये तसंच मागेही नाही, आणि कळ लांब दोरीनंच ओढावी. खिळ्यावरचा गंज, कडीतला खडबडीत सांधा, दमट हवेत फुगलेली सुती दोरी, यांतल्या कशानंही सुटण्याचा क्षण बदलतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलल्यावर निदान पाच फेका कराव्यात. पाचही चेंडू वेगवेगळ्या ठिकाणी पडले, तर दांडा तासायला घेऊ नये. आधी खिळा घासून गुळगुळीत करावा, दोरी बदलावी, आणि पुन्हा पाच फेका कराव्यात.