फिरते मचाण

मचाण म्हटले की आपल्या खानापूरकडच्या माणसाला पाणवठ्याकाठचे झाड आठवते. मचाण एकदा बांधले की कायमचे. जनावराने तिथे यायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली आणि मचाण उरले ते पाहण्यापुरते.

विस्कॉन्सिनला मुलीकडे राहिलो तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याकडे उलटी रीत पाहिली. तिकडे परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार होते. नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा. त्याचे मचाण ॲल्युमिनियमचे, पाठीवर नेण्याजोगे, पट्ट्याने झाडाला आवळायचे. चार-पाच वर्षांचा नर भारी सावध. माणसाचा वास एकदोनदा लागला की दिवसाउजेडी त्या वाटेला फिरकत नाही. म्हणून वारा पाहून झाड धरायचे आणि वारा फिरला की बिऱ्हाड हलवायचे.

धोका आहे तो चढण्या-उतरण्यात. रोज नवे झाड, पहाटेचा काळोख, बर्फ. त्याचा भाऊ असाच पडला, तो चाकाच्या खुर्चीतून उठलाच नाही. तेव्हापासून हा जमिनीवरच अंगभर पट्टा बांधतो, तो झाडाच्या दोराला अडकवूनच चढतो. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढून घेतो.

"नर नाही दिसला तरी चालेल," तो म्हणाला, "संध्याकाळी मी घरी दिसलो पाहिजे."

जावईबापूंना त्याच्याबरोबर जायची हौस. मुलीने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हटले नाही. पट्टा मात्र माझ्या पैशाने घेऊन दिला.