उत्तराच्या अलीकडे

टेबलावर चार पत्ते : अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर मागे सम संख्या असते. तो खरा की खोटा हे ठरवायला नेमके कोणते पत्ते उलटायचे? पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये या घाटाचं कोडं मांडलं आणि तेव्हापासून भलेभले त्यात अडकत आलेत. बहुतेकांचा हात अ आणि 4 कडे जातो. पण 4 च्या मागे काहीही निघो, नियमाला धक्का लागत नाही. 7 च्या मागे स्वर निघाला, तर मात्र तो मोडतो.

शेजारच्या काकांनीही अ आणि 4 वरच बोट ठेवलं. काका एसटीतले निवृत्त कंडक्टर. मग मी गाडीतलं विचारलं. समजा, हाफ तिकीट असेल तर वय बाराच्या आत हवं. एकाच्या हातात हाफ, एकाच्या हातात फुल, एक आठ वर्षांचा पोरगा, एक मिसरूड फुटलेला. कोणाला हटकाल?

‘‘हाफवाल्याचं वय बघायचं आणि मिसरूडवाल्याचं तिकीट. फुलवाल्याला कशाला उठवायचं?’’ काका क्षणभरही थांबले नाहीत.

सांगाडा तोच होता. फ्लोरिडात 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी बिअर आणि वयाची अट घालून हेच विचारलं, तेव्हा चारांतल्या जवळजवळ तिघांना जमलं.

माणसं तर्कात कच्ची असतात, हे म्हणूनच मला पटत नाही. कीथ स्टेनिंग आणि मिखिएल व्हान लाम्बाल्खेन या अभ्यासकांनी पत्त्यांचं कोडं सोडवणाऱ्यांना बोलतं केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कोणाला वाटत होतं, नियम म्हटला की अपवाद आलाच. एका पत्त्यानं तो खोटा कसा ठरेल? कोणाला आधी एक पत्ता उलटून मग दुसऱ्याचं ठरवायचं होतं. कोडं एकच, पण ऐकलं होतं प्रत्येकानं निराळं.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया 1931-32 मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत असंच विचारत हिंडले. दूर उत्तरेच्या बर्फात सगळी अस्वलं पांढरी; नोवाया झेमल्या तिकडेच आहे; तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? शाळेची पायरी न चढलेले शेतकरी म्हणत, आम्ही तिकडे गेलो नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलत नाही. याला कोणी तर्काचा अभाव म्हणो. मला त्या नकारात अख्खा तर्क दिसतो : न पाहिलेल्याबद्दल बोलायचं नाही; ही अस्वलं आम्ही पाहिलेली नाहीत; म्हणून त्यांच्याबद्दल बोलणार नाही.