३९२ पौंड पीठ आणि एक उशी

आजच्या कॅनडाच्या ईशान्य टोकाला लॅब्राडॉर नावाचा खडकाळ, तळ्यांनी आणि दलदलींनी व्यापलेला प्रदेश आहे. १९०५ च्या जूनमध्ये चार सहकाऱ्यांसह दोन कनू घेऊन त्याच्या अंतर्भागात शिरलेल्या मीना हबर्ड यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात बरोबर नेलेल्या सामानाची यादी दिली आहे, आणि ही यादी त्या पुस्तकातील पुष्कळशा निसर्गवर्णनांपेक्षा अधिक वाचनीय आहे. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, वल्ह्याने चालवायची आणि वेळप्रसंगी माणसाने डोक्यावर उचलून न्यायची नाव. हबर्ड यांच्या दोन्ही नावा प्रत्येकी १९ फूट लांब होत्या. पीठ ३९२ पौंड, बेकन म्हणजे डुकराचे खारवलेले मांस २०० पौंड, साखर ६० पौंड, चहा १२ पौंड, चॉकलेटही तितकेच, मीठ १४ पौंड, अशा क्रमाने शिध्याची मोजदाद होते; बंदुका, सेक्स्टंट हे सूर्याची उंची मोजून स्थान ठरवण्याचे उपकरण आणि दोन कोडॅक कॅमेरे यांचीही नोंद होते. स्वतःच्या तंबूत लागणाऱ्या वस्तूंमध्ये मात्र हवा भरून फुगवायची एक लहान गादी येते, पिसांची एक छोटी उशी येते आणि गरम पाण्याची रबरी पिशवी येते. दोनच वर्षांपूर्वी याच प्रदेशात त्यांच्या पतीचा उपासमारीने अंत झाला होता, हे ठाऊक असलेला वाचक त्या पिशवीपाशी क्षणभर थांबल्याशिवाय राहत नाही.

कनूप्रवासाच्या सामानाचा विचार वजनापासून सुरू होतो असे सर्वसाधारणपणे मानले जाते, पण पाण्याला वजनाचे फारसे वावडे नसते. सतरा-अठरा फुटांची नाव दोन माणसे आणि काही आठवड्यांचा शिधा सहज वाहून नेते. तिची अट एवढीच की जड वस्तू तळाशी आणि मध्याजवळ असाव्यात, म्हणजे नाव डगमगत नाही, आणि पुढचे टोक मागच्यापेक्षा किंचित हलके असावे, म्हणजे ती सरळ चालते. भाराच्या या समतोलाला नावाडी ट्रिम म्हणतात, आणि समोरून वारा असला तर एखादी पिशवी पुढे सरकवून तो बदलतातही. वजनाचा खरा हिशेब मागते ती जमीन. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना किंवा धबधबा टाळताना नाव आणि सामान खांद्यावरून नेण्याच्या वाटेला पोर्टेज म्हणतात, आणि कॅनडाच्या प्राचीन खडकांच्या पठारावर, जिथे हिमनद्यांनी खरवडलेल्या प्रत्येक खोलगटात पाणी साठले आहे, अशा वाटांना अंत नाही. या वाटेवरचे गणित क्रूर आहे: सगळे सामान एका खेपेत गेले तर मैलभराच्या वाटेला मैलभरच चालावे लागते, दोन खेपा लागल्या तर मध्ये एकदा रिकाम्या हाताने परतावे लागत असल्यामुळे तीन मैल होतात, आणि तीन खेपांना पाच. म्हणून एखादी जास्तीची कढई तिच्या वजनाइतकीच महाग पडते असे नाही. तिच्यामुळे एक खेप वाढली तर ती दोन मैलांना पडते.

अठराव्या शतकातल्या फरच्या व्यापारात मॉन्ट्रियलहून पश्चिमेकडे नावा वल्हवणाऱ्या फ्रेंचभाषक मजुरांनी, ज्यांना व्हॉयाजर म्हणत, हे गणित व्यापाऱ्यांच्या बाजूने सोडवले होते. सगळा माल सुमारे ९० पौंडांच्या गाठोड्यांत बांधलेला असे आणि पोर्टेजवर एका माणसाने एका वेळी दोन गाठोडी न्यावीत अशी अपेक्षा असे, म्हणजे १८० पौंड, ऐंशी किलोंहून अधिक. हे ओझे ते पाठीवर घेत आणि त्याचा भार डोक्यावर कपाळाच्या वरच्या बाजूला टेकवलेल्या रुंद कातडी पट्ट्यावर तोलत; हिमालयात पदभ्रमण केलेल्या मराठी वाचकाने नेपाळी भारवाहकांच्या डोक्यावर असाच पट्टा पाहिलेला असतो. सुपीरिअर सरोवराच्या काठावरून पिजन नदीचे धबधबे चुकवत जाणारी ग्रँड पोर्टेज ही वाट साडेआठ मैलांची आहे, आणि अशा लांब वाटांचे अंतर ते लोक मैलांत मोजत नसत, ओझे खाली ठेवण्याच्या थांब्यांत मोजत. त्यांच्या गाण्यांचे आणि रंगीत कमरपट्ट्यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे; अंतर्गळ हा त्यांचा नेहमीचा आजार होता, याचा उल्लेख त्या मानाने कमी वेळा होतो.

मीना यांचे पती लिओनिडस हबर्ड हे न्यूयॉर्कच्या ‘आउटिंग’ या भटकंतीविषयक मासिकाचे सहायक संपादक होते, आणि लॅब्राडॉरचा अंतर्भाग नकाशावर आणण्याची त्यांची १९०३ ची मोहीम सामानाच्या नियोजनाचा एक धडा म्हणून आजही वाचली पाहिजे. एक कनू, तीन माणसे: हबर्ड स्वतः, त्यांचे वकील मित्र डिलन वॉलेस, आणि जेम्स उपसागराच्या किनाऱ्यावरून आलेले जॉर्ज एल्सन, ज्यांची आई क्री या आदिवासी समाजातली आणि वडील स्कॉटिश होते. वाटेत कॅरिबू मिळतील, मासे मिळतील, या भरवशावर शिधा बेताचा घेतलेला होता. माशांसाठी जे जाळे हवे होते ते किनाऱ्यावरच्या ठाण्यांत मिळाले नाही आणि जुनेपुराणे जाळे घेऊन मंडळी निघाली. हाताशी असलेल्या नकाशात ग्रँड लेक या लांबलचक सरोवराला वरून येऊन मिळणारी एकच नदी दाखवली होती, प्रत्यक्षात अनेक मिळत होत्या, आणि रुंद नास्कॉपी नदीचे मुख ओलांडून पुढे गेलेली नाव सुझन नावाच्या एका उथळ, दगडगोट्यांच्या ओढ्यात शिरली. त्या ओढ्यात नाव चालण्यापेक्षा ओढली अधिक जात होती. पोर्टेजमागून पोर्टेज, खेपेमागून खेप, डास आणि काळ्या माश्यांचे थवे, आणि या सगळ्यात सामान एकेक करून कमी होत गेले, काही संपले म्हणून आणि काही जड वाटले म्हणून. जुलैतल्या त्या दिवसांत ओले झालेले काही पौंड पीठही वाटेत टाकून देण्यात आले, आणि त्या वेळी तो निर्णय अगदी शहाणपणाचा होता, कारण ओले पीठ कोरड्याहून जड असते आणि पुढे शिकार मिळणारच होती.

सप्टेंबरात दूरवरचे मिचिकमाऊ सरोवर एका टेकडीवरून दिसले, पण वाऱ्याने नाव काठाला जखडून ठेवली आणि अखेर मंडळी मागे फिरली. परतीच्या वाटेवर ती आपल्याच जुन्या मुक्कामांवर अन्न शोधत आली: उन्हाळ्यात मारलेल्या कॅरिबूची फेकलेली हाडे पुन्हा उकळली गेली, चामड्याचे तुकडे उकळले गेले. ऑक्टोबरच्या मध्यावर हबर्ड चालू शकेनात तेव्हा त्यांना तंबूत ठेवून एल्सन आणि वॉलेस निघाले, आणि जुलैत टाकून दिलेले ते पीठच आता त्यांचे पहिले लक्ष्य होते. ते सापडले, बुरशी आलेले आणि गोळा झालेले. त्यातले थोडे घेऊन एल्सन मदतीसाठी किनाऱ्याकडे गेले आणि उरलेले घेऊन वॉलेस हबर्डकडे परतायला निघाले, पण बर्फाच्या वादळात त्यांना तंबू सापडला नाही. एल्सन यांनी पाठवलेल्या फासेपारध्यांनी वॉलेस यांना जिवंत गाठले. हबर्ड तोवर तंबूत एकटेच वारले होते. या कथेतून धाडसाविषयी पुष्कळ निष्कर्ष काढण्यात आले, वॉलेस यांचे त्यावरचे पुस्तक खूप खपले आणि विधवा पत्नी त्या पुस्तकावर नाराज झाली. परंतु सामान बांधणाऱ्याने त्या पिठाकडे पाहावे हे बरे. जुलैचे ओझे आणि ऑक्टोबरचे अन्न या एकाच वस्तूच्या दोन किमती आहेत आणि यादी लिहिताना दोन्ही एकदम डोळ्यांपुढे ठेवणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणूनच १९०५ ची यादी मीना हबर्ड यांच्या नावावर असली तरी तिच्यात दुसऱ्या कोणाचा तरी अनुभव बोलतो, असे मानायला जागा आहे. एल्सन पुन्हा बरोबर होते, आणि वॉलेस यांना शोधून काढणाऱ्यांपैकी गिल्बर्ट ब्लेक हा तरुण फासेपारधीही. पाच माणसांसाठी सुमारे ७५० पौंड शिधा, त्यात निम्म्याहून अधिक पीठ, हे ज्याने बुरशीची ढेकळे वाटून घेतली त्याच्या हातचे प्रमाण आहे. या वेळी नास्कॉपीचे मुख चुकले नाही. प्रत्यक्ष वाटचालीच्या ४३ दिवसांत मंडळी उत्तरेला उंगाव्हा उपसागराजवळच्या ठाण्यावर पोहोचली, तेव्हा १५० पौंड शिधा शिल्लक होता. जे जहाज चुकू नये म्हणून सगळा प्रवास घाईने केला ते मात्र आलेच नव्हते. ते ऑक्टोबरात उगवले. त्याच उन्हाळ्यात स्वतःची वेगळी मोहीम घेऊन निघालेले वॉलेसही तोपर्यंत तिथे येऊन दाखल झाले होते. वाटेत त्यांची नाव थंडगार पाण्यात उलटून बरेचसे सामान वाहून गेले होते.

शेवटी शिधा उरणे ही नियोजनातली चूक आहे असे मानणारा एक पंथ आज आहे. त्याच्या दृष्टीने आदर्श प्रवासी तो, ज्याची अन्नाची पिशवी शेवटच्या सकाळी रिकामी होते, जो टूथब्रशची दांडी कापतो आणि तंबूच्या खुंट्या ग्रॅममध्ये मोजतो. हलकेपणाच्या या हव्यासाला एक सन्माननीय पूर्वज आहे, हे मान्य केले पाहिजे: लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीतील एका अधिकाऱ्याला १९४४ साली सुट्टीत कॅनव्हासची जड कनू पोर्टेजवरून नेताना ॲल्युमिनियमच्या कनूची कल्पना सुचली, आणि युद्ध संपताच विमानांच्या पत्र्यातून कनू निघू लागल्या. आता केव्हलार या कृत्रिम धाग्याची सतरा-अठरा फुटी नाव वीस किलोंच्या आसपास भरते. तरीही पदभ्रमणाची काटकसर जशीच्या तशी कनूत आणणे हे त्या वाहनाच्या औदार्याचा अपमान करण्यासारखे आहे. पाठीवर घर घेऊन चढ चढणाऱ्याला उशी परवडत नाही. दिवसाचा मोठा भाग ओझे पाण्याच्या स्वाधीन करणाऱ्याला ती परवडते, आणि लोखंडी तवाही परवडतो, आणि जाडसे पुस्तकही.

बांधाबांधीचा क्रम मात्र चैनीला वाव देत नाही. जे संध्याकाळी शेवटी लागणार ते तळाशी, जे पावसाची सर येताच लागणार ते सगळ्यात वर. काडेपेटी एकाच पिशवीत ठेवायची नाही, कारण उलटलेल्या नावेतून कोणती पिशवी हाताला लागेल हे आधी सांगता येत नाही. एक वल्हे नेहमी जास्तीचे. अन्नासाठी आता निळे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप वापरतात, जे पाणी आत येऊ देत नाही आणि वासही बराचसा आत राखते, जरी अस्वलांना त्यावर पूर्ण भरवसा आहे असे म्हणवत नाही. मिनेसोटाच्या सीमेवरच्या बाउंडरी वॉटर्स या हजाराहून अधिक तळ्यांच्या राखीव रानात अन्नाचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तिथे जाणाऱ्याची बांधाबांध स्वयंपाकघरातच, सगळे काही पिशव्यांत काढून घेण्यापासून सुरू होते. तिथल्या पोर्टेजची लांबी अजूनही रॉड या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी, आणि ३२० रॉडचा एक मैल.

याच भागातल्या डुलुथ गावी चामड्याच्या वस्तू आणि जोडे बनवणाऱ्या कॅमिल पॉइरिए या फ्रेंच-कॅनेडियन कारागिराने १८८२ साली कॅनव्हासच्या एका पिशवीचे पेटंट घेतले, आणि खांद्याचे पट्टे व व्हॉयाजरांचा कपाळपट्टा एकत्र आणणारी ती चौकोनी, बेढब, कनूच्या तळाशी बरोबर बसणारी पिशवी त्या गावाच्या नावाने अजून शिवली जाते. पॉइरिएच्या मूळ पेटंटात छत्री अडकवण्याचीही सोय होती, म्हणजे दोन्ही हातांत सामान असलेल्या माणसाने पोर्टेजवर छत्रीखालून चालावे अशी त्याची कल्पना असावी. ती सोय पुढे गळाली. कोणी ती कधी वापरली का, याचा शोध एखाद्या हौशी अभ्यासकाने जरूर घ्यावा.