थोडेसे

इंग्रजी 'लिटल'च्या आधी नुसता 'अ' बसला की अर्थ पालटतो. मराठीत ते काम 'च' करतो: घरात दूध थोडे आहे, आणि दूध थोडेच आहे! 'व्हेरी' आणि 'टू' मात्र आपल्याकडे एकाच 'फार'च्या घरात नांदतात. मुलगी फार गोड असते आणि चहाही फार गोड होतो. पहिलीचे कौतुक, दुसऱ्याबद्दल कुरकुर.

आम्हां देवनारकरांना या शब्दांचे अगत्य असायलाच हवे. १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था इथलीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तिच्याकडे. पहिले झाले १९९२-९३ मध्ये. त्यात बायकांना विचारतात, दूध-दही, डाळ, फळे रोज खाता, आठवड्यातून, कधीकधी, की कधीच नाही?

इंग्रजी प्रश्न मराठीत आणता येतो हो. अवघड असते ते उत्तर. माझ्या आईला दुधाचे विचारले की ती म्हणे, "घेते की थोडेसे!" ते 'थोडेसे' म्हणजे आम्हां सर्वांना वाढून उरलेले, चहापुरते. वाचकहो, कोशात 'थोडेसे'चा अर्थ मिळेल. त्या 'से'चे माप मात्र पातेल्याच्या तळाशीच सापडते.